खिडकीकडचं खोकं

४ फेब्रुवारी

भाऊजी,

मायना लिहीत नाही, कारण मी रागात आहे. राग तुमच्या भावावरचा आहे, पण पत्र तुम्हाला चाललंय, तेव्हा थोडा तुमच्याही वाट्याला येणार. फोनच करणार होते. पण घर दोन खोल्यांचं, फोनवर बोलले तर यांना सगळं ऐकू जाईल. म्हणून शिवणाच्या मशीनवर वही ठेवून, गिऱ्हाइकाची मापं लिहितेय असं दाखवत हे लिहिते आहे.

तुमचे बंधुराज पाणीखात्यातून निवृत्त झाले त्याला वर्ष होत आलं. या वर्षात त्यांनी एकच गोष्ट हौसेनं केली. जुन्या सामानाच्या दुकानातून रेकॉर्ड प्लेअर आणला. बरं, तो एकटा नाही आला, वऱ्हाड घेऊन आला. बटणंच बटणं असलेला अ‍ॅम्प्लिफायर, रेकॉर्डींच्या पेट्या, आणि दोन स्पीकर. स्पीकर कसले, कपाटं आहेत ती. मी त्यांना खोकी म्हणते. एक खिडकीकडे उभं केलंय, एक दाराकडे. उभा जन्म पाइपांचे नकाशे काढलेला माणूस. माझी शिवणाची टेप घेऊन दोन्ही खोक्यांपासून सारखं अंतर मोजलं आणि बरोबर मधोमध खुर्ची ठेवली. माझं कापायचं टेबल भिंतीला चिकटलं. मशीन तेवढं खिडकीशी, यांच्या डाव्या हाताला राहिलं, कारण उजेड तिथेच येतो.

आता ऐका रोजचा कार्यक्रम. सकाळी हे खुर्चीत बसतात. रेकॉर्ड पुसतात, सुई टेकवतात, खरखर सुरू होते, मग गाणं. मी मशीनवरून विचारते, "चहा टाकू का?" उत्तर नाही. "भाजी काय आणू?" उत्तर नाही. कधी मनात आलं तर वळून बघतात आणि "काय म्हणालीस?" विचारतात, जसं काही मी आत्ताच या घरात आले. कान शाबूत आहेत हो! ऑफिसातल्या जुन्या मित्रांचा फोन आला की अर्धा तास खिदळतात. फक्त बायको बोलली की कानात बोळे. ही रेकॉर्डीची नवी तऱ्हा नाही, वर्षभर हेच चाललंय. आधी निदान घरात शांतता होती, आता गाण्यालाही माझ्यापेक्षा जास्त मान आहे.

तर मी ठरवलंय. माझी बहीण तिच्या गावी शिवणाचं दुकान मोठं करते आहे, कधीची बोलावतेय. मार्चअखेर मी तिच्याकडे जाणार. चार दिवसांसाठी नाही. कायमची. भिंतीशी बोलायचं तर तिच्याकडे भिंती नव्या रंगवलेल्या आहेत.

तोवर एक उपकार करा. तुम्ही लिफ्ट दुरुस्त करता, असल्या गोष्टी तुम्हाला कळतात. हे यंत्र कायमचं गप्प होईल आणि माझ्यावर संशय येणार नाही, असं काहीतरी सुचवा.

तुमची
वहिनी


११ फेब्रुवारी

तीर्थरूप वहिनींस, नमस्कार, आणि पुन्हा एकदा नमस्कार, कारण पुढचं वाचून तुम्ही चिडणार आहात.

दादानं स्टिरिओ घेतला! आणि मला कुणी सांगितलं नाही! वहिनी, प्लेअरची तबकडी पट्ट्यावर फिरते की थेट मोटरवर? सुई ज्याला लावतात त्या दांडीच्या, म्हणजे हाताच्या मागे गोल वजन आहे का? अ‍ॅम्प्लिफायर चालू केल्यावर दिवा पिवळा लागतो की हिरवा? दुकानदारानं सुई नवी दिली का? जुनी सुई रेकॉर्ड खरवडून काढते, दादाला सांगा. आणि रेकॉर्डी उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका, वाकतात.

तुम्हाला आठवत नसेल, पण मी तुमच्याकडे शिकायला राहत होतो तेव्हा समोरच्यांच्या घरी असाच प्लेअर होता. मी जिन्यात बसून ऐकायचो आणि तुम्ही मला अभ्यासाला ओढून न्यायचात. त्यानंतर मी अशी खरखर ऐकली नाही. आता सगळं फोनमध्ये असतं. बोट लावलं की गाणं, बोट लावलं की दुसरं. एक बाजू संपली म्हणून उठावं लागणं, ती उलटी करणं, फुंकर मारणं, यात माणूस गाण्याशी जरा आदबीनं वागतो. दादाला हे पुन्हा सापडलं याचा मला हेवा वाटतोय.

म्हणून यंत्र बंद पाडायचा उपाय मी सांगणार नाही. मी लिफ्टवाला आहे. बंद पाडायचं काम लोक स्वतःच करतात, मी फक्त चालू करतो.

पण जायचं म्हणता ते मात्र मला झोंबलं. थट्टेत लिहिलंय असं समजून दोनदा वाचलं, थट्टा नाही सापडली. दादा घुमा आहे, मान्य. पण वहिनी, मला लग्न जमलं नाही, आई-वडील गेले, आता सुट्टीला जायचं म्हणजे तुमचंच घर. तुम्ही बहिणीकडे आणि दादा खोक्यांमध्ये, तर मी बॅग घेऊन कुठे उतरायचं? मला हे घर हवंय. तुमच्यापेक्षा मलाच जास्त हवंय असं वाटतं कधीकधी.

मार्चअखेरपर्यंत वेळ आहे ना? मग तोवर लिहीत राहा. दादा खूश आहे का, ते कळवा.

तुमचा धाकटा दीर


२० फेब्रुवारी

भाऊजी,

दिवा पिवळा आहे. बाकी तुमच्या प्रश्नांना मी उत्तर देणार नाही. घर मोडायला निघालेल्या बाईला पट्टा आणि मोटर विचारणारा माणूस जगात तुम्ही एकटेच.

खूश आहेत का म्हणाल, तर अजिबात नाहीत. खिडकीकडचं खोकं नीट वाजत नाही म्हणतात. गाणं सगळं दाराकडून येतं, डावीकडे नुसता ओसाडपणा. ज्या दुकानातून आणलं त्या दुकानदाराला बोलावलं. त्यानं पाठीमागच्या तारा उपटल्या, खोचल्या, ऐकलं आणि म्हणाला, सगळं ठीक आहे. हे त्याच्यावर उखडले. तो चहा न घेता गेला. आता म्हणतात, "भाऊला लिही, तो सांगेल." म्हणजे बायकोशी बोलायचं ते एवढंच.

आणि एक प्रकार झाला, तो सांगायला लाज वाटते, पण तुम्हाला नाही तर कुणाला सांगू. एक रेकॉर्ड वाकलेली निघाली. फिरताना सुई वर-खाली, वर-खाली, आणि बाई गाते ती झोपाळ्यावर बसल्यासारखी. हे हळहळले. मला वाटलं, चला, जायच्या आधी एक चांगलं काम करावं. दोन मलमली कपड्यांच्या मध्ये ठेवली आणि इस्त्री केली. हसू नका. तीस वर्षं चुरगळलेलं सगळं मी इस्त्रीनंच सरळ केलंय. इस्त्री अगदी मंद ठेवली होती, रेशमाला ठेवते तशी. उचलून बघते तर रेकॉर्डीला फ्रॉकसारखी झालर!

मी ती घेऊन यांच्यासमोर उभी राहिले. म्हटलं, आता ओरडतील. खरं सांगू, ओरडावं असं वाटत होतं मला. यांनी ती हातात घेतली, फिरवून बघितली आणि "असू दे" म्हणाले. एवढंच. भाऊजी, ज्या माणसाला राग यायचासुद्धा कंटाळा येतो त्याच्याजवळ मी काय करू? रात्री भांडी घासताना मी रडले.

आणखी एक. गाणं ऐकताना हे समोर बघतच नाहीत. मान वळवून माझ्याकडे टक लावून बसतात. माझ्या मशीनची खडखड खुपते, दुसरं काय. म्हणून मी आता गाणं चालू असलं की मशीन बंद ठेवते आणि हातशिलाई करते. गिऱ्हाइकं खोळंबली आहेत.

खोक्याचं काय करायचं ते कळवा. यांच्यासाठी नाही, मला एकदाचं हे प्रकरण संपवून निघायचंय म्हणून.

वहिनी


२७ फेब्रुवारी

तीर्थरूप वहिनींस,

झालर वाचून मी लिफ्टच्या मशीन-खोलीत एवढ्या मोठ्यानं हसलो की वरच्या मजल्यावरच्या एका बाईंनी वॉचमनला पाठवलं. ती रेकॉर्ड टाकू नका. मला हवी आहे. मी ती भिंतीवर लावणार आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार की हे माझ्या वहिनीचं शिवणकाम.

आता कामाचं. आमच्या धंद्यात बिघाड शोधायची एक साधी रीत आहे. तर्क लढवायचा नाही, अदलाबदल करायची. दोन सारखे भाग असले आणि एक बिघडला असं वाटलं, तर त्यांच्या जागा बदलायच्या. बिघाड भागाबरोबर गेला, तर भाग खराब. बिघाड जागेवरच राहिला, तर भागाला दोष देऊ नका, दुसरीकडे बघा. या एका रिवाजावर मी इतकी वर्षं पोट भरतोय.

तर असं करा. आधी यंत्र बंद. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे खिडकीकडच्या खोक्याची तार आणि दाराकडच्या खोक्याची तार एकमेकींच्या जागी लावा. मग वाजवा. आता दाराकडचं खोकं मंद झालं, तर दोष अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. खिडकीकडचंच मंद राहिलं, तर खोकीच अदलाबदल करा, म्हणजे उचलून इकडचं तिकडे. जड असतील, दादाला हात लावायला सांगा. दोघं मिळून एक वस्तू उचलणार असाल, तर तेवढ्यापुरतं तरी एकमेकांशी बोलावं लागेल. हा माझा कावा आहे, ओळखलाच असेल तुम्ही.

दादा ओरडला नाही म्हणून तुम्ही रडलात, हे मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. तो लहानपणी माझ्यावर इतका ओरडायचा की शेजारी मध्ये पडायचे. त्याचा आवाज कुठे गेला?

तुमचा
दीर


८ मार्च

भाऊजी,

तुमचा कावा फसला. खोकी उचलताना आम्ही बोललो ते असं: "उचल." "उचलते आहे." "पाय सांभाळ." "माझे की तुमचे?" या शेवटच्याला उत्तर नाही. खोकं मात्र खरंच जड आहे, माझी कंबर धरली.

आता निकाल. तारा बदलल्या, तरी हे म्हणतात खिडकीकडचं मंद. खोकीच बदलली, दाराकडचं उचलून खिडकीशी आणलं, खिडकीकडचं दाराशी नेलं. तरी म्हणतात खिडकीकडचंच मंद! मग यांनी सुई बदलली, तिच्या मागच्या बारीक तारा बदलल्या, पट्टा सैल वाटला म्हणून मी त्याच्या जागी परकराचं इलॅस्टिक शिवून घातलं. ते फिरतं, बरं का, पण शिवणीपाशी आलं की गाणं ठेच लागल्यासारखं थबकतं. नवा पट्टा आणला. खिडकीकडचं खोकं मंद ते मंदच. मला विचाराल, तर दोन्ही खोकी सारखीच वाजतात. मी मधल्या खुर्चीत बसून ऐकलं, माझ्या कानाला काही फरक कळला नाही. पण मला विचारतंय कोण?

एक सांगते, कुणाला बोलू नका. त्या पेटीत एका बाईची रेकॉर्ड आहे, नाव पुसलं गेलंय. आवाज जरा जाडसर, पण काय गाते हो! तिची खरखर संपून पहिला सूर लागतो ना, तेव्हा माझी सुई हवेतच राहते. काल मीच ती लावली. रेकॉर्डीचं पुसणं, ती हलक्या हातानं ठेवणं, हात उचलून सुई काठावर सोडणं, सगळं यांच्यासारखं केलं. आवडलं मला. गिऱ्हाइकाच्या अंगावर कपडा पहिल्यांदा चढवताना असंच हळू धरावं लागतं. हे मागे येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता दोन शब्द बोलतील. मग मीच म्हटलं, "छान आहे ना ही?" न बोलता आत गेले.

म्हणजे आता माझा विचार पक्का झाला. बहिणीनं माझ्यासाठी मशीनची जागा करून ठेवली आहे. महिनाअखेरचं तिकीट काढते.

वहिनी


१३ मार्च

वहिनी,

तिकीट काढलं असेल तर राहू दे, नसेल काढलं तर थांबा. एक तपासणी राहिली आहे. ती झाल्याशिवाय काही करू नका, हात जोडून सांगतो.

खोकी, तारा, काही हलवू नका. फक्त मधली खुर्ची उलटी फिरवा. दादाला खोक्यांकडे पाठ करून बसवा. तुम्हाला आवडते ती रेकॉर्ड लावा आणि विचारा, कोणतं खोकं मंद आहे? विचारताना त्याच्या समोर उभ्या राहा.

कारण आत्ता विचारू नका. माझा अंदाज चुकावा असं मला वाटतंय, आणि तो चुकला तर मी तुम्हाला कधीच सांगणार नाही की तो काय होता.

भाऊ


१९ मार्च

भाऊजी,

तुमचा अंदाज चुकला नाही.

हे आधी तयारच होईनात. "पाठ करून कुणी ऐकतं का?" म्हणाले. मी म्हटलं, भाऊजींनी सांगितलंय. मग बसले, भिंतीकडे तोंड करून, दाढी करायला बसल्यासारखे. मी ती बाई लावली. समोर उभी राहिले आणि विचारलं, "कुठलं खोकं मंद?" डोळे मिटून ऐकलं. मग सवयीनं डावा हात वर केला. डाव्या हाताला आता दार होतं.

मी शिवणारी बाई. गिऱ्हाईक वळलं की त्याची डावी बाही कुठे जाते हे मला कुणी शिकवायला नको. सगळं बदलून झालं होतं, बदलायचं राहिलं होतं ते फक्त खुर्चीतलं माणूस.

यांनाही कळलं असावं, कारण हात वर तो वरच राहिला. मी गाणं थांबवलं. यांच्या डाव्या बाजूला गेले आणि हळूच म्हणाले, "तुम्ही अगदी ठोंब्या आहात." काही नाही. भिंतीकडे बघत बसलेले. उजव्या बाजूला आले आणि तेवढ्याच हळू तेच म्हणाले. "कुणाला म्हणतेस?" म्हणाले! मला हसू आलं, आणि ते हसता हसताच रडू फुटलं. वर्षभर मी एका बंद दारावर थापा मारत होते आणि म्हणत होते, आतलं माणूस माजलंय.

हाताला धरून कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. डाव्या कानाची नस गेली आहे, पूर्ण. औषध नाही, यंत्र लावून उपयोग नाही. उजवा ठणठणीत, म्हणून फोन चालतो. शांत खोलीत थोडं निभावतं, पण डावीकडून कुणी बोललं आणि वर माझ्या मशीनची खडखड असली की संपलं. मी सांगितलं डॉक्टरांना, हे गाणं ऐकताना माझ्याकडे टक लावून बघतात. ते म्हणाले, "तुमच्याकडे नाही बघत. चांगला कान गाण्याकडे करतात." ऐका! मला तेवढाही मान नाही.

मग डॉक्टरांनी विचारलं, कधीपासून? मला वाटलं, हे म्हणतील, आत्ताच कळलं. तर हे मान खाली घालून म्हणतात, "गेल्या मार्चपासून. सकाळी उठलो, तर गेलेला होता."

भाऊजी, माहीत होतं यांना! वर्षभर माहीत होतं! दवाखान्यापासून घरापर्यंत मी विचारत आले, उजव्या बाजूनं चालत, मला का नाही सांगितलंत? तर गप्प.

म्हणून सांगते, तिकीट मी काढलंय आणि ते मी रद्द करत नाही. कानानं बहिरा नवरा मी हसत सांभाळीन. तोंडानं मुका मला झेपणार नाही. तीस तारखेची गाडी आहे.

वहिनी


२३ मार्च

दादा,

तुला मी एरवी पत्र लिहीत नाही, कारण तू उत्तर देत नाहीस. या वेळी दे.

माझ्या धंद्यात रोज कुणीतरी दोन मजल्यांच्या मध्ये अडकतं. आत एक लाल बटण असतं, दाबलं की घंटा वाजते आणि आम्ही धावतो. शहाणी माणसं दाबतात. काही जण मात्र आत गप्प उभे राहतात, का, तर आपण अडकलो हे लोकांना कळेल म्हणून. त्यांना बाहेर काढायला सगळ्यात जास्त वेळ लागतो आणि बाहेर आल्यावर तेच आमच्यावर चिडतात. तू त्यातला निघालास.

कान गेला, याचं मला वाईट वाटतं, खूप वाटतं. पण वहिनी गेल्या, तर ते तुझ्या कानामुळे नसेल. मला उत्तर लिही, आणि मला लिहून झालं की तेच त्यांना तोंडानं सांग. उजव्या बाजूला बसवून, मशीन बंद असताना.

तुझा भाऊ


२७ मार्च

चि. भाऊस आशीर्वाद.

तू विचारलंस म्हणून लिहितो. मला पत्र लिहायची सवय नाही, नकाशाखाली टीप लिहितात तसं लिहीन.

कान गेला त्या दिवशी मी बायकोला सांगायला निघालो होतो. ती खिडकीशी शिवत होती. काळ्या कापडावर काळा धागा. डोळे बारीक करून, कापड उजेडाकडे धरून. मी विचार केला, सांगितलं की ही काय करणार? उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसणार. उजव्या बाजूला दाराकडची भिंत आहे, उजेड नाही. तिचे डोळे आता पहिल्यासारखे राहिले नाहीत. माझा एक कान गेला म्हणून तिचे डोळे का जावेत? म्हटलं, उद्या सांगू. उद्याही ती शिवतच होती.

पुढे माझ्या मनानं घेतलं की कान गेलाच नसेल, घरातल्या आवाजांतच काही दोष असेल. स्टिरिओ त्यासाठी घेतला. दोन बाजूंनी वेगळा आवाज देणारी तेवढी एकच वस्तू माझ्या माहितीत होती. दोन्ही खोकी सारखी ऐकू आली असती, तर मी बरा. रोज सकाळी सुई टेकवताना वाटायचं, आज येईल. दुकानदार सगळं ठीक आहे म्हणाला तेव्हा मला त्याला मारावंसं वाटलं. तू तारा बदलायला सांगितल्यास तेव्हा आशा वाटली. खोकी बदलली तेव्हाही वाटली. खुर्ची फिरवायचा निरोप आला तेव्हा मला कळलं की तू ओळखलंस, आणि बरं वाटलं. मी स्वतः कधी फिरवली नसती.

गाणी मात्र खरोखर आवडतात. एका कानानं ऐकली तरी सुंदर आहेत. तिनं मध्यंतरी स्वतः जी बाई लावली होती ती ऐकून मला बोलता येईना, म्हणून आत गेलो. तिनं तेव्हा काही विचारलं होतं, हे मला तुझ्या वहिनीकडून डॉक्टरांसमोर कळलं.

तुला लिहिणं जमलं. आता ती समोर पिशव्या भरते आहे. उठतो.

दादा


३१ मार्च

भाऊजी,

काल गाडी गेली. मी त्यात नव्हते.

तुम्हाला पत्र लिहिलं त्या दिवशी हे उठून आले ते माझ्या पिशवीवरच बसले, म्हणजे मला काही भरता येईना. आणि बोलायला लागले. त्यांचं बोलणं तुम्हाला माहीत आहे, नळाला पाणी येताना आधी नुसती हवा येते तसं. पण मग आलं. उजेडाचं सांगितलं. काळ्या धाग्याचं सांगितलं. माझ्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे मला मध्ये बोलता आलं नाही, हेच बरं झालं.

टाचण्या काढल्या आणि मग मी सुरू केलं. म्हटलं, तीस वर्षं माझ्याबरोबर राहून तुम्हाला एवढंच कळलं, की मी उजेडासाठी तुम्हाला सोडीन? आणि अहो, नकाशे काढणारे तुम्ही, खुर्ची उलटी केली की खिडकी आपोआप उजव्या हाताला येते, हे वर्षभरात सुचलं नाही? तर हे म्हणतात, सुचलं होतं, पण मग माणूस भिंतीकडे तोंड करून बसलेलं दिसतं, तू विचारलं असतंस. म्हटलं, विचारलं असतं तर मेले असतात का?

मग खुर्ची फिरवायची ठरली. मी म्हटलं, खुर्ची फिरवली तर खोकीही समोरच्या भिंतीला न्यायची, पाठमोरं गाणं मी ऐकू देणार नाही. हे म्हणाले, एका कानाला पुढे काय नि मागे काय, खोकी राहू देत, तिकडे तुझं कापायचं टेबल आहे. मी म्हटलं, टेबल गेलं खड्ड्यात. हे म्हणाले, टेबल हलणार नाही! आणि ओरडले, भाऊजी. चांगले खणखणीत ओरडले. मीही ओरडले, उजव्या कानात. समोरच्या बाई दार उघडून बघायला आल्या. वर्षभरानं आम्ही पोटभर भांडत होतो.

अजून मिटलेलं नाही. टेबल खोलीच्या मधोमध आहे, एक खोकं इकडे, एक तिकडे, आणि हे माझी टेप घेऊन फिरताहेत. तुम्ही सुट्टीला याल तेव्हा चालायला जागा असेलच असं नाही.

बहिणीचा सकाळी फोन आला, का आली नाहीस? हे शेजारीच उभे होते, सगळं ऐकत. मी तिला खरं ते सांगितलं. म्हटलं, भांडण अर्धवट टाकून कशी येऊ?

तुमची
वहिनी